राणी की राजा?

मराठीत सापांची एक गंमत आहे. नाग 'तो', धामण 'ती' आणि फुरसं चक्क 'ते'! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला ही लिंगं पाठ करावी लागली. तुम्हाला ती न शिकताच येतात. पण त्यात एक धोका आहे. व्याकरण हेच जीवशास्त्र वाटायला लागतं. धामण ही नागाची बायको, असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. खरं तर या दोन अगदी वेगळ्या जाती. दोन्हींत नरही असतात आणि माद्याही. शेतात दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या, की लोक 'मीलन' समजून हात जोडतात. बहुतेक वेळा ती दोन नरांची कुस्ती असते!

मग साप नर की मादी हे ओळखायचं कसं? हा प्रश्न मला पडला तो गेल्या सुट्टीत, ह्यूस्टनला आत्याकडे गेले तेव्हा. माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, बॉल पायथन पाळला आहे. हा मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी, छोटेखानी अजगर. घाबरला की चेंडूसारखं वेटोळं करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. विकणाऱ्याने 'मादी' म्हणून दिला, म्हणून दादाने नाव ठेवलं राणी. आता तिच्यासाठी मित्राकडचा नर आणायचं चाललं होतं. आत्या म्हणाली, "अरे, स्थळ आणण्याआधी मुलगी आहे का ते तरी बघून घे!"

आम्ही हसलो, पण मुद्दा बरोबर होता. दोन नर एका पेटीत टाकले तर ते भांडतात, जखमी होऊ शकतात. म्हणून राणीला सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोटात भक्ष्य असताना हाताळलं तर साप ते ओकून टाकू शकतो, म्हणून त्याआधी दोन दिवस तिला खायला दिलं नव्हतं.

नुसतं बघून कळत नाही, हे बाईंनी पहिल्यांदाच सांगितलं. नराची शेपटी बुडाशी जाड आणि थोडी लांब असते. पण शेजारी तुलनेला दुसरा साप नसेल तर काय ठरवणार? अजगरांना मागच्या पायांचे अवशेष म्हणून दोन नख्या असतात. नराच्या बहुधा मोठ्या, पण 'बहुधा' म्हणजे पुरावा नव्हे.

खरी खूण शेपटीच्या आत असते. नराचं जननेंद्रिय जोडीनं असतं आणि उलट्या केलेल्या मोज्यासारखं शेपटीत आत दडलेलं असतं. अगदी लहान पिल्लाच्या शेपटीच्या बुडाशी अंगठ्याने हलकेच दाब देऊन ते बाहेर आणता येतं. याला 'पॉपिंग' म्हणतात. मोठ्या सापावर हा प्रयोग केला तर इजा होते. शिवाय यात एक तार्किक गोम आहे. बाहेर आलं तर नर, हे नक्की. नाही आलं तर मादी, हे मात्र नक्की नाही! राणी पिल्लू असताना तिची हीच तपासणी झाली होती.

मोठ्या सापासाठी 'प्रोबिंग'. गोल, गुळगुळीत टोकाची बारीक स्टीलची सळई वंगण लावून शेपटीच्या बुडाच्या फटीतून, मध्यरेषेच्या बाजूने, शेपटीच्या दिशेने सरकवायची. आपल्या वर्कशॉपमधला डेप्थ गेजच म्हणा! खोली मात्र मिलिमीटरमध्ये नाही, तर शेपटीखालच्या खवल्यांत मोजतात. साप वाढला तरी खवल्यांची संख्या तीच राहते, त्यामुळे लहानमोठ्या सापांना एकच माप चालतं. बॉल पायथनच्या मादीत सळई साधारण दोन ते चार खवले जाते, नरात आठ-दहापर्यंत.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण घाबरलेला नर स्नायू आवळून धरतो, सळई अडते आणि तो मादी ठरतो. उलट मादीत जोर लावला तर आतली त्वचा फाटते, सळई खोल जाते आणि ती नर ठरते, शिवाय कायमची जखमी होते. म्हणजे चुकीचं रीडिंग आणि चुकीची वागणूक यांचं मूळ एकच, घाई. बाईंनी मला फक्त शरीर खालून आधार देऊन धरायला आणि खवले मोजायला शिकवलं. सळई त्यांच्याच हातात राहिली. अडली की त्या थांबायच्या, राणी सैल पडेपर्यंत वाट बघायच्या. दादा वैतागला, त्या नाही.

मी मोजत होते. सहा, सात, आठ... नऊ! राणीचा राजा झाला. स्थळ अर्थातच रद्द.

बाई म्हणाल्या, नुसत्या कुतूहलासाठी हे करूच नका. काही जातींचं लिंग आता टाकलेल्या कातीच्या डीएनए चाचणीवरून कळतं, सापाला हातही लावावा लागत नाही. विज्ञानालाही घाई नडते बरं का! सगळ्या सापांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं झेडडब्ल्यू पद्धतीची, असं कित्येक दशकं धरलं जात होतं. २०१७ साली एका बोआ आणि एका अजगराच्या जातीत ती माणसासारखी एक्सवाय निघाली.

आपल्याकडे आपले साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी सळई शोधू नये! पण पावसाळ्यात होस्टेलमागे साप निघाला की पहिली आरोळी येते, "नागीण आहे, डूख धरेल!" आणि काठ्या निघतात. बाईंना हातात धरून नऊ खवले मोजेपर्यंत जे ठरवता आलं नाही, ते आपण दहा फुटांवरून कसं ठरवतो? लांब उभं राहावं आणि सर्पमित्राला फोन करावा. तो असो वा ती, जगण्याचा हक्क सारखाच.

आणि बाथरूमच्या मोरीत गांडुळासारखा काळसर वाळा दिसला, तर बेधडक 'ती' म्हणा. आपल्याकडे सर्रास सापडणाऱ्या या जातीत फक्त माद्याच असतात, नराशिवायच त्यांना पिल्लं होतात. व्याकरणात मात्र तो वाळा!