उंबऱ्यापलीकडचा जीव

मुसलमानाच्या घरी कुत्रा म्हटला की पहिला प्रश्न पाकीचा येतो. आमच्याही घरी तो आला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता.

अहिल्यानगर जिल्ह्यात, जो आमच्या तोंडी अजून नगरच आहे, राहुरी तालुक्यात आमची वस्ती. तिन्ही बाजूंनी ऊस. कुणीतरी बंगल्यात हौसेने आणलेला ग्रेट डेन वासराएवढा झाला, खाणं परवडेना, म्हणून नगर-मनमाड रस्त्यावर सोडून दिलेला. त्याला उचलणाऱ्या पोरांनी आम्हाला विचारलं, "तुमच्याकडे जागा आहे, ठेवता का?" बरगड्या मोजून घ्याव्यात अशी त्याची दशा होती.

अम्मी म्हणाल्या, "घर में कुत्ता रह्या तो रहमत के फरिश्ते आते नै." ही हदीस आहे, अम्मींची समजूत नव्हे. अब्बांनी वाद घातला नाही. सूरह कहफची १८वी आयत त्यांनी वाचून दाखवली. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून. शेत, गुरं आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवायची मुभा हदीसमध्येच आहे. मालिकी मताने कुत्रा पाक. आम्ही हनफी, त्याची लाळ नापाक मानणारे. म्हणून तोडगाही हनफीच निघाला. गोठ्याशेजारी पत्र्याची खोली त्याची, घर आणि मुसल्ला आमचा. लाळ लागली तर कपडा धुवायचा. उंबरा ही सरहद्द.

मोठ्या जातीचं जनावर सांभाळणं वेगळंच. एकदम पोटभर घातलं आणि पळवलं तर पोट फुगून पीळ पडतो, त्यात जीव जातो. म्हणून दोन वेळा बेताचं खाणं आणि नंतर विसावा. अंगाच्या वजनाने कोपरांना घट्टे पडतात, त्यासाठी जुनी गोधडी. केस आखूड, म्हणून थंडीत पोत्याची झूल. पिसाळीची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून आणली. एवढं करून या जातीचं आयुष्य आठ-दहा वर्षांचंच.

शेजारी खूश झाले. "आता बिबट्या फिरकायचा नाही!" पण अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाद्याच्या वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आकाराच्या भरवशावर त्याला रात्री अंगणात बांधणं म्हणजे बिबट्याला आवतण देणं. आम्ही त्याला दिवेलागणीलाच कडी लावून आत ठेवू लागलो.

मग पेच पडला. ज्या राखणीच्या नावावर मुभा घेतली, ती राखण तर रात्रीची. आणि रात्री राखणदारच कुलपात. शेजाऱ्यांनी हे हसत विचारलं, अब्बा मात्र खरोखर विचारात पडले.

उत्तर अम्मींनी दिलं. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस त्यांना पाठ होती. अल्लाहने त्याला माफ केलं ते तेवढ्या पाण्यावर. "प्यासे कू पानी पिलाने कू निमित्त कायकू होना?" त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याला अजून हात लावलेला नाही. पण असरनंतर त्याची भाकरी कुस्करून ठेवतात त्याच. मग वुजू करून मगरिबच्या अजानची वाट पाहत बसतात. तो उंबऱ्यापलीकडे पुढचे पाय पसरून पडलेला असतो.