बॅटरीशिवायचा बास

वस्तीतल्या मुलांच्या ऑर्केस्ट्रात आमचा मुलगा बास गिटार वाजवतो. गिटार जुनीच, बिशीचे पैसे लावून घेतलेली. एका कार्यक्रमात दुसऱ्या गाण्यालाच तिचा खर्ज फाटू लागला आणि तिसऱ्याला आवाज बंद! आम्ही स्टेजमागे जाऊन चारचौघांत त्याला बोललो, "सराव नको, नुसते मिरवायला पाहिजे." पोरगा खाली मान घालून उभा राहिला.

घरी येऊन गिटारचे मागचे झाकण उघडले. आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, पार संपलेली. हे पिकअप ॲक्टिव्ह जातीचे. लोहचुंबकाभोवतीचे तांब्याच्या तारेचे वेटोळे तारांचे कंपन टिपते आणि त्या क्षीण विजेला जोर देणारा छोटा ॲम्प्लिफायर पिकअपच्या डबीतच असतो. त्याला बॅटरी लागते आणि जॅकमध्ये वायर खोचली की ती चालू होते. सराव झाल्यावर वायर हरवू नये म्हणून गिटारलाच खोचून ठेवायची, ही शिस्त कोणाची? आमचीच! दोन महिने ती बॅटरी रात्रंदिवस जळत होती.

असो. मुलगा म्हणाला, "पप्पा, हे पिकअप वाईट नाहीत, पण मला साधे पॅसिव्ह हवेत." फेंडर कंपनीने 1951 साली काढलेल्या बासलाही बॅटरी नव्हतीच. आम्ही ओव्हरटाइमचे पैसे दिले.

एका दुकानदाराने पिकअप तेवढे बदलले आणि मजुरी घेतली. आवाज कसा? गोधडीत गुंडाळल्यासारखा! मुलाचे तोंड उतरले. घरातून "विकून टाका" असा सूर निघाला. आम्ही हिशेबाचे माणूस, ताळा जुळेपर्यंत वही मिटत नाही. रविवारी दोघे मिळून पाहिले तर व्हॉल्यूमचे पॉट जुनेच, पाठीवर 25 के लिहिलेले. बॅटरीच्या पिकअपला ते चालतात. साध्या पिकअपचा जोर मात्र त्यांतून जमिनीत गळतो आणि आवाजाची धार जाते. तेथे 250 के लागतात. ते आणून मुलाने स्वतः सोल्डरिंग केले. धार परत आली, पण सोबत मोठी घुरघुर. जॅकच्या नटाला बोट लावले की ती कमी होई, तारांना हात लावून मात्र काही फरक नाही. म्हणजे ब्रिजकडून येणारी अर्थची वायरच नव्हती. ॲक्टिव्ह पिकअपला तिची गरज नसते. वीतभर वायर ब्रिजखाली दाबून पॉटच्या पाठीला जोडली आणि तारांवर हात ठेवताच गिटार शांत झाली.

पुढच्या सरावाला आम्ही मुद्दाम गेलो. त्याच पोरांसमोर सांगितले, की त्या दिवशीची चूक बापाची होती. कोणी काही बोलले नाही, ढोलकीवाला मात्र हसला. सराव संपल्यावर आम्ही सवयीने वायर उपसायला वाकलो.

"राहू द्या पप्पा," मुलगा म्हणाला, "आता खोचलेली राहिली तरी चालते."