मावशींची कॅसेट आणि आमची नऊ कार्डं



आमच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तीत नऊ कार्डं आहेत. पत्त्यांची नव्हेत, जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवायची. व्हिडिओ कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारी. काही बेळगावातल्या भंगारवाल्याकडून आणली, काही बंद पडलेल्या स्टुडिओतून. ती नव्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाहीत, म्हणून विंडोज एक्सपीवर चालणारा एक म्हातारा कॉम्प्युटरही आम्ही दोघा नवराबायकोंनी सांभाळून ठेवलाय.

सुरुवात सेवेनं झाली होती. धर्मग्रामातल्या कितीतरी घरांत कपाटावर व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत: लग्नं, पहिलं कम्युनियन, फादरांचा निरोपसमारंभ. व्हीसीआर मात्र कुणाकडे उरला नाही. जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ च्या जुलैत ते बनवणं थांबवलं. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूनं उरलेले तुकडेसुद्धा गोळा करायला लावले, बारा टोपल्या भरल्या. ते आठवून आम्ही म्हणालो, हे तुकडे आपण वेचू.

मग हौस लागली. कॅसेटवर सेकंदाला २५ चित्रं असतात, प्रत्येकाच्या ६२५ रेषा. फीत जुनी झाली की रेषा वेळेवर येत नाहीत. कार्ड गोंधळतं, मधलीच चित्रं गाळतं, आणि आवाज ओठांच्या पुढेमागे पळतो. रेषांची वेळ नीट लावून देणारं यंत्र असतं, टाइम बेस करेक्टर. ते महाग. तोवर निदान जास्त चांगलं कार्ड मिळवू, असं म्हणत एकाची चार झाली, चाराची नऊ. पाहुणे आले की पेटी ओढायची आणि एकेक दाखवायचं. खरं सांगायचं तर त्या काळात एकही कॅसेट उतरली नाही.

त्यातच मावशींनी त्यांची कॅसेट दिली. १९९४ सालचं, मुलाच्या लग्नाचं शूटिंग. त्यात काकांनी मांडवात केलेलं भाषण होतं. पुढच्याच वर्षी काका गेले. दर रविवारी मिस्सानंतर मावशी विचारायच्या, "झालं का रे बाळांनो?" आणि आम्ही सांगायचो, "चांगलं कार्ड येतंय मावशी, थोडं थांबा." असे दोन पावसाळे गेले. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटी कॅसेट काढली तेव्हा फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. मावशींनी दिली तेव्हा ती नव्हती. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही.

उन्हात मास्क लावून फीत हळूहळू पुसली आणि व्हीसीआरमध्ये घातली. ज्याच्यासाठी हैदराबादपर्यंत फोन केले होते, ते आमचं लाडकं कार्ड दोन मिनिटांत अडलं. मग पेटीतलं सगळ्यात पहिलं, साध्या बीटी ८७८ चिपचं कार्ड लावलं. ते चालत राहिलं. काकांचं भाषण आलं आणि बुरशीनं हेड तुंबलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण व्हीएचएसमध्ये चित्र फिरत्या हेडवरून वाचलं जातं आणि साधा आवाज फितीच्या कडेवरून, वेगळ्या स्थिर हेडनं. कडेला बुरशी असूनही खरखरीतून तो आवाज येत राहिला. थांबवून हेड साफ केलं, फीत मागे घेऊन पुन्हा लावली. तेवढ्या भागाचं चित्र काही आलं नाही.

मावशींना घरी बोलावलं. आधी सांगितलं की आमच्या दिरंगाईनं काकांचा चेहरा गेला, माफ करा. त्या काही बोलल्या नाहीत. मुंग्यांकडे बघत बसल्या. काकांनी पाहुण्यांचे आभार मानले, नवरानवरीला आशीर्वाद दिला, आणि माइक हातात असतानाच आचाऱ्यावर ओरडले, "अरे वाढायला घ्या, माणसं खोळंबलीत!"

मावशी खुदकन हसल्या. "असंच ओरडायचे. परत लाव."

चार वेळा लावलं.