घडीची खुर्ची आणि घाटाचा रस्ता

घडीची व्हीलचेअर घेताना सगळे आधी वजन विचारतात. ते चुकीचं नाही. बुलडाणा शहरात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. म्हणजे एकाच प्रवासात खुर्ची डिकीत चढते, उतरते, मग डब्यात चढते. लोखंडी खुर्ची बहुधा १७-२० किलोंची, ॲल्युमिनियमची १२-१५ किलोंची. उचलणाऱ्याच्या कमरेला हा फरक लगेच कळतो. तरीही माझं मत असं की, निवड वजनावर नव्हे, चाकांवर व्हावी. सगळ्यात हलक्या ‘ट्रान्झिट’ खुर्च्यांची मागची चाकं लहान असतात. गुळगुळीत फरशीवर त्या छान पळतात. मुरमाच्या रस्त्यावर पुढचं चाक खड्ड्यात अडकतं आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. शिवाय मोठ्या चाकाची कडी हाती नसल्याने त्याला स्वतःहून हलताही येत नाही.

कुणी म्हणेल, मोठी चाकं डिकीत मावायची कशी? बटण दाबून निघणारी मागची चाकं आणि सुटे होणारे फूटरेस्ट घ्यावेत. एका वेळी उचलायचं ओझंही त्याने घटतं. अशी खुर्ची महाग पडते, हे खरं. पण स्वस्त खुर्ची शेगावच्या दर्शनाला चालली आणि गावच्या रस्त्यावर अडली, तर वाचलेले पैसे काय कामाचे? म्हणून विकत घेण्याआधी ती दुकानाबाहेरच्या खडीवर, माणूस बसवून, चालवून पाहावी.