दारातला हत्ती

कुणाची भरभराट सांगायची झाली की आपल्याकडे म्हणतात, "त्याच्या दारी हत्ती झुलतो." तो हत्ती दिवसाला चारा किती खातो आणि आजारी पडला तर वैद्य कुठून आणायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. आमच्या दारात असा एक हत्ती दहा वर्षे होत आली, उभा आहे. त्याला पाय नाहीत, चाके आहेत आणि नाकावर तीन टोकांची चांदणी आहे.

निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग. २०१६ च्या हंगामात माल बरा निघाला आणि देणी भागवून हातात थोडे पैसे उरले. नाशिकला औषधे आणायला गेलो असताना जुन्या गाड्यांच्या एका दुकानात ती दिसली. १९९६ सालची मर्सिडीज, ई २२०. या कंपनीने १९९५ साली पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात गाड्या बनवायला सुरुवात केली, त्यातलीच ही. नवी होती तेव्हा तिची किंमत वीस लाखांच्या वर. मला ती दोन लाख चाळीस हजारांना मिळत होती, म्हणजे नव्या लहान गाडीपेक्षाही स्वस्त. मला वाटले, आपण बाजार मारला.

ही हौस एकट्या माझीच नव्हती. २०१० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशेच्या आसपास लोकांनी मिळून एकाच सौद्यात मर्सिडीज घेतल्या होत्या. ती बातमी आमच्या पारावर कितीतरी दिवस पुरली. मोठी गाडी दारात आली की माणूसही मोठा होतो, असे माझ्याही मनात कुठेतरी बसले होते.

गाडी अंगणात आली तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. चारी बाजूंनी फिरून आले आणि म्हणाले, "बैल घेताना तू दात बघतोस, खूर बघतोस, औताला जुंपून बघतोस. हिचं काय बघितलंस?"

मी काही बोललो नाही. मी रंग बघितला होता.

गाडीविषयी खोटे बोलणार नाही. पहिली तीन वर्षे तिने मला एकदाही रस्त्यात सोडले नाही. इंजिन मजबूत, बसायला आराम, आणि दार लावले की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. पेट्रोल तेवढे जास्त प्यायची, लिटरला आठ-नऊ किलोमीटर. लग्नकार्यात नवरदेवासाठी गाडी मागायला लोक येत. कुणी "मर्सिडीजवाले" म्हणून हाक मारली की बरे वाटे.

चूक मी केली ती पाण्याची. रेडिएटरमधले पाणी कमी झाले की मी बोअरचे पाणी ओतत असे. आमच्या बोअरचे पाणी क्षाराचे. त्यानेच ठिबकच्या नळ्या चोंदतात म्हणून दरवर्षी आम्ही त्यांना आम्लाची प्रक्रिया करतो. एक वर्ष चुकवले तर शेवटच्या वेलीला पाणी पोहोचत नाही, हे मला तोंडपाठ होते. तेच पाणी मी तीन वर्षे गाडीच्या पोटात ओतले आणि रेडिएटरच्याही नळ्या तेवढ्याच बारीक असतात, हे डोक्यात आले नाही. द्वारकेजवळचा मिस्त्री एकदा म्हणाला होता, "भाऊ, हे धुऊन कूलंट टाका. दोन-तीन हजारांचं काम आहे." मी म्हटले, "छाटणी होऊ द्या."

२०१९ च्या ऑक्टोबरात मालेगावहून एक लग्नाची बोलणी उरकून येत होतो. राहूड घाट चढताना उष्णतेचा काटा वर सरकलेला दिसला. तेव्हाच गाडी बाजूला घेऊन थांबायला हवे होते. चांदवड आलेच आहे, पुढे बघू, असे म्हणून मी रेटली. घाट संपता संपता बॉनेटमधून वाफ निघाली. इंजिनाचे हेड वाकले होते आणि गॅस्केट जळाले होते. काही सामान मुंबईला कुर्ल्याहून आणावे लागले. बिल झाले बहात्तर हजार. जे काम तीन हजारांत होणार होते, त्याचे बहात्तर हजार.

ते पैसे मी फवारणी आणि मजुरीसाठी ठेवलेल्यातून दिले. वाटले, औषधे उधारीवर आणू. आणि ऑक्टोबरच्या अखेरीला पाऊस सुरू झाला. त्या वर्षीचा अवकाळी नाशिकचा कुठलाच बागायतदार विसरणार नाही. बाग फुलोऱ्यात, वरून पाऊस, आणि डावणी हातघाईवर आलेली. अशा वेळी उघडीप मिळेल त्या तासाला फवारा मारावा लागतो. औषधाच्या दुकानात माझी मागची बाकी होती. जुळवाजुळव करण्यात दोन दिवस गेले. खालच्या दोन एकरांतले घड गळून गेले.

सगळा दोष गाडीवर टाकणार नाही. वेळेवर फवारूनही त्या वर्षी पुष्कळांच्या बागा गेल्या. पण त्यांनी हात-पाय हलवले होते. माझे हात मी आधीच बांधून ठेवले होते. वरच्या प्लॉटसाठी घरच्यांनी न मागता आपल्या पाटल्या काढून दिल्या. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, मालाला उठाव राहिला नाही, आणि पाटल्या बँकेतून सोडवायला दोन हंगाम लागले. त्या काळात त्या गाडीविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

त्यानंतर मी हिशेब मांडला. गाडी मला दोन लाख चाळीस हजारांना पडली, पण तिचे सुटे भाग काही माझी किंमत बघून येत नाहीत. ते वीस लाखांच्या गाडीचेच भाग असतात आणि त्याच भावाने मिळतात. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. जुनी मोठी गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर एवढेच आहे.

सरकारी खर्चही वाढत गेला आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पेठ रोडच्या कार्यालयात तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. २०२१ मध्ये मी सहाशे रुपये फी भरली. १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. पर्यावरण कर निराळा. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ऊस-मका आपलाच, त्याला चार पैसे मिळतात हे चांगले, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याने लवकर खराब होतात. मी त्या बदलून घेतल्या.

मग गाडी विकली का नाही? एक तर तेव्हा कुणी पन्नास हजारही देईना. दुसरे, दोष तिचा नव्हता. डावणी दिसायच्या आधी फवारा मारायचा असतो, दिसल्यावर मारला तर तो औषधवाल्याचा फायदा, हे मी दहा जणांना सांगत होतो आणि गाडीच्या बाबतीत दर वेळी रोग दिसायची वाट बघत होतो.

तेव्हा मंडळी, कुणाला अशी गाडी भुरळ घालत असेल तर एवढे करा. आपला मिस्त्री बरोबर नेऊन दाखवा. दुरुस्तीची जुनी कागदपत्रे मागा. रेडिएटर, वायरिंग, रबरी नळ्या आणि खालचे बुश रंगाच्या आधी बघा. आणि गाडीच्या किमतीचा निम्मा पैसा पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर तिला नमस्कार करून मोटारसायकलवर घरी या.

आमच्या शेडमध्ये फवारणीची वही खिळ्याला टांगलेली असते. तिच्याशेजारी आता गाडीची वही आहे. तेल कधी बदलले, कूलंट कधी टाकले, कशाची पाळी आली आहे, सगळे त्यात आहे. गाडीचा पैसा द्राक्षाच्या पैशाला शिवायचा नाही, असा घरात ठराव आहे. ती वही मी लिहीत नाही. ज्यांच्या पाटल्या गेल्या होत्या, त्या लिहितात.