सुरमेदाणीतले शिसे

आरे-वारेत समुद्राची हवा. प्रदूषण म्हटले की आम्हांला शहरच आठवते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाने मात्र घरात बघायला लावले. जगात दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात शिसे काळजी वाटावी इतके आहे. जुन्या बॅटऱ्या, रंग, भेसळीचे मसाले ही कारणे. आणि सुरमाही! बाजारातला बराचसा सुरमा गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्याच दगडाचा. मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. शिसे मेंदूच्या वाढीला बाधते. वर्गात फक्त 'लक्ष नाही' एवढेच दिसते. सुरमा सुन्नत खरा, पण हदीसमधला इस्मिद आणि ही बिननावाची डबी एकच, हे कोणी तपासले? आमच्या घरी मुलांची सलाई बंद केली. ईदच्या आधी नानीला समजावणे तेवढे बाकी आहे.