न झालेली लढत

अब्बांना पार्किन्सन आहे. दर दोन महिन्यांनी त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात नेतो. तिथून निघालो की यशवंत स्टेडियमजवळ चहा घेतो. चहावाल्याला मी हळूच सांगतो, "कप अर्धाच भरा."

परवा अर्धा कपही सांडला. अब्बा ओशाळले, हात कुर्त्याच्या खिशात घातला. मी त्यांचा आवडता विषय काढला, "अली और स्टीव्हन्सन में कौन जीतता, अब्बा?"

क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन. १९७२, १९७६ आणि १९८० अशी ओळीनं तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, तीही हेवीवेटमध्ये. मुहम्मद अलीशी त्याची लढत व्हावी म्हणून शौकीन आसुसलेले होते. बोलणीही झाली. पण क्यूबात व्यावसायिक खेळाला बंदी, आणि लाखो डॉलर समोर असूनही स्टीव्हन्सननं देश सोडला नाही. लढत राहिली ती राहिलीच.

अब्बांचं उत्तर नेहमी तयार असतं. या वेळी ते गप्प होते.

मी म्हणालो, "१९९६ साली अली औषधांची मदत घेऊन हवानाला गेला. तिथे दोघं भेटले, दोस्तासारखे. तेव्हा अलीलाही हाच आजार होता. त्याच साली अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्यानं थरथरत्या हातानं पेटवली."

"हाथ छुपाया नहीं उसने?"

"नहीं, अब्बा. सारी दुनिया देख रही थी."

त्यांनी खिशातून हात काढला.

"अलीच जीतता," ते म्हणाले. "और एक चाय बोल. पूरी भर के."